प्रश्न क्रमांक अकरा

एम.ए. दुसरं वर्ष, प्रकल्प शंभर गुणांचा.
विषय मॅडमनीच दिला, कारण माझा पत्ता दिवाळे गाव:
‘खाडीकाठच्या कांदळवनाचे आर्थिक मूल्यांकन.’
घरी सांगितलं, खाडीचा भाव काढायचाय.
बाबा म्हणाले, काढून झालाय एकदा.
आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

प्रश्नावली सहा पानी, झेरॉक्स नव्वद प्रती.
वय, शिक्षण, घरात माणसं किती,
खिडकीतून पाणी दिसतं का.
अकराव्या प्रश्नाला माणसं पेन खाली ठेवायची:
‘हे वन जसंच्या तसं राहावं म्हणून आपण
दरमहा जास्तीत जास्त किती रुपये द्यायला तयार आहात?’

सतराव्या मजल्यावरच्या कुट्टीसाहेबांनी चहा दिला,
रोहित पक्ष्यांची वही दाखवली,
तारीखवार, आकडे माझ्यापेक्षा नीट.
पाचशे म्हणाले.
आतून मिसेस कुट्टी म्हणाल्या, आणि डास?
तीनशे लिहा.
खालचा वॉचमन आधी हसला,
वन कुठलं, ती झुडपं?
त्याचा पगार मी चौथ्या प्रश्नात लिहिलाच होता.
तरी वीस म्हणाला, माझ्या तोंडाकडे बघून.
मी ओशाळून दहा लिहिले.
तेही चूकच, पद्धतीनुसार.

वर्गात तेव्हा डिस्काउंट रेट चालू होता.
आठ टक्के धरा, मॅडम म्हणाल्या,
पन्नास वर्षांनंतरचे शंभर रुपये
आज दोन रुपये तेरा पैसे.
फळ्यावर उद्या आटत गेला
पहिल्या धुण्यातल्या सुती परकरासारखा.
जोएल मागून म्हणाला,
मॅडम, तेव्हा मी चौऱ्याहत्तरचा असेन.
सगळे हसले. मॅडमही.
मग त्या फळा पुसत राहिल्या,
पुसून झाल्यावरही.

चांगुणाआत्या जेटीवर चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधत होती.
प्रत एकोणसत्तर.
वय? लिव साट.
शिक्षण? तू शिकतीस ना.
पाणी दिसतं का, यावर तिने
नुसतं आपल्या पायांकडे बघितलं.
अकरावा मी आधी छापील वाचला, मग आमच्या बोलीत.
“कोनाला देवाचं?”
एक निधी आहे, आत्या. म्हणजे समज, आहे.
“आन भराव टाकला ते कवरं देतान?”
त्यांच्यासाठी यात प्रश्न नाही.
“मंग माजेसाठी कनाला हाय?”

टक्के आत्याला शिकवावे लागत नाहीत.
साडेबारा टक्के म्हणजे किती, ते ती
उभ्या उभ्या हात पसरून दाखवते:
हितून त्या एटीएमपरत.
उरलेले साडेसत्त्याऐंशी दाखवायचे तर
तिला पूर्ण वळावं लागतं.

असल्या उत्तरांना निषेध-शून्य म्हणतात.
ती गाळायची, नाहीतर सरासरी बिघडते.
पुस्तकात कारणं आहेत,
मला ती पटलीही, परीक्षेपुरती.
नव्वदांतले सत्तावीस निघाले.
सव्वीस आमच्या गावचे,
एक सीवूड्सचे ड्रॉइंग मास्तर, त्यांनी चौकटीत
नुसतं एक झाड काढलं होतं.
सगळे धरून: एकोणतीस रुपये चाळीस पैसे.
गाळून: बेचाळीस.
म्हणजे आत्याला वगळलं
की खाडी महाग होते.
हे मी तीनदा करून बघितलं.

तक्ता सहामध्ये बेचाळीस लिहिले.
अठ्ठ्याऐंशी गुण मिळाले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी
एवढंच विचारलं, हे दिवाळे नेमकं कुठे येतं?

त्या दिवशी आत्याने दोन चिंबोऱ्या
माझ्या पिशवीत टाकल्या होत्या, वर पान.
भाव विचारायचं मला सुचलंच नाही.
घरी येईस्तोवर एकीने सुतळी सोडवली,
सत्तर ते अठ्ठ्याहत्तर प्रती भिजल्या,
आणि एकाहत्तरच्या अकराव्या चौकटीतून
नांगी आरपार गेली होती.
त्या घरी मला पुन्हा जावं लागलं.
बाईंनी या वेळी वेगळाच आकडा सांगितला.